खारातला राता आणि जनुकाची कात्री
(पनवेल तालुका बैठकीतील भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत एका मावशींनी आम्हाला विचारले होते, "ते जीन बदललेलं भात येणार म्हणतात. ते खाल्लं तर आपल्यातही काही बदलतं का? आणि त्याचं बी दुसऱ्या वर्षी उगवतच नाही, खरं का?" वेळ संपली होती. 'पुढच्या वेळी सांगतो' म्हणून आम्ही सुटका करून घेतली. आज ते देणे फेडायचे आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. जनुके नाहीत असे भात जगात नाही. गावठी असो की कर्जतचे, भाताच्या प्रत्येक दाण्यात हजारो जनुके असतात आणि ती आपण पिढ्यान् पिढ्या खात आलो. पोटात गेली की बाकीच्या अन्नासारखी ती पचतात. आजवर भात खाऊन कुणाच्या डोक्याला लोंबी फुटलेली नाही. नवीन बियाणे खायला चांगले की वाईट, हे ते बियाणे तपासून ठरवायचे. 'जीन' या शब्दाला घाबरून ठरवायचे नाही.

दुसरा प्रश्न जास्त खोल आहे. त्याकडे जाण्यापूर्वी आमचा एक गुन्हा कबूल करतो.

शेतकी कॉलेजची पदवी घेऊन आम्ही नोकरीला लागलो. पहिल्याच वर्षी खाराच्या एका खातेदाराला गोड्या जमिनीतली जास्त उत्पन्नाची जात दिली. त्यांचे वडील ओटीवर बसले होते. म्हणाले, "साहेब, या शेतात राताच टिकतो." आम्ही हसलो. राता म्हणजे उंच वाढणारा, वाऱ्याने लोळणारा, उतारा कमी. आमच्या पुस्तकात तसेच लिहिले होते. ऑगस्टात पावसाने बारा दिवस दडी मारली. जमिनीतले मीठ वर आले आणि रोपांची पाती शेंड्याकडून पांढरी पडत गेली. बांधापलीकडे राता हिरवागार उभा. त्या घराने त्या वर्षी तांदूळ विकत घेऊन खाल्ला. अहवालात नुकसानीचे कारण लिहिले गेले, 'प्रतिकूल हवामान'. ते आम्हीच लिहिले होते.

त्या म्हाताऱ्याला जे ठाऊक होते आणि आम्हाला नव्हते, ते कुठे लिहिलेले होते? बियाण्यात. जनुकांच्या लिपीत.

भाताच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात. जोडीतले एक आईकडून येते, एक बापाकडून. या गुणसूत्रांवर अवघ्या चार अक्षरांच्या लिपीत सुमारे ३९ कोटी अक्षरांचा मजकूर असतो. तो जवळजवळ पूर्ण वाचून २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यातला ११ व्या गुणसूत्राचा एक भाग दिल्लीत आपल्या शास्त्रज्ञांनी वाचला. या मजकुरातले कामाचे एकेक वाक्य म्हणजे जनुक. उंची किती, दाणा कसा, फुलोरा कधी, मिठाचे काय करायचे, हे त्यावरून ठरते.

आता राताच घ्या. तुसाखाली त्याचा कोंडा लाल असतो. पांढऱ्या भाताच्या फुलावर राताचे पराग टाकले तर त्या लोंबीतला तांदूळ पांढराच निघतो, कारण कोंडा आईच्या अंगाचा असतो. पण ते दाणे पेरा. येणाऱ्या सगळ्या झाडांचा तांदूळ लाल. वाटेल, पांढरा संपला. ते बी पुन्हा पेरा. आता चारातली साधारण तीन झाडे लाल तांदळाची आणि एक पांढऱ्या तांदळाचे. पांढरेपण मेले नव्हते, लालाच्या मागे झाकले गेले होते. हाच हिशेब मेंडेल नावाच्या पाद्र्याने मठाच्या बागेत वाटाण्यावर मांडला. १८६६ साली तो छापून आला आणि १९०० सालापर्यंत कुणी फारशी दखल घेतली नाही. शेतात राबून काढलेल्या हिशेबाकडे विद्वानांचे लक्ष जायला ३४ वर्षे लागली, यात आपल्याला नवल वाटायला नको.

आणखी एक गंमत. रानातले मूळ भात लालच होते. कधी तरी एका झाडात, रंगाच्या जनुकाची नक्कल उतरताना १४ अक्षरे गळाली आणि तांदूळ पांढरा निघाला. कुणा शेतकऱ्याला, बहुधा शेतकरणीलाच, तो आवडला. तिने तेवढी लोंबी बाजूला ठेवली. आज जगातल्या बहुतेक पांढऱ्या तांदळात तीच १४ अक्षरे गाळलेली सापडतात. म्हणजे आपण ताटात वाढतो तो पांढरा भात ही एका बिघडलेल्या जनुकाची करामत आहे.

तळ्याकाठी आपोआप उगवणारे रानभात, ज्याला काही भागात देवभात म्हणतात, त्याचे दाणे पिकले की गळून चिखलात पडतात. रानात ते सोयीचे, कारण तशीच त्याची पेरणी होते. माणसाला गैरसोयीचे. न गळणारी लोंबीच हातात येते, तीच घरी जाते, तीच पुढच्या वर्षी पेरली जाते. न गळण्यात ज्या जनुकांचा वाटा आहे त्यातल्या एका मोठ्या जनुकात फक्त एक अक्षर बदललेले आहे. असे बदल होत राहतात, कुणी करत नाही. त्यातले जगेल ते निसर्ग निवडतो, आवडेल ते शेतकरी निवडतो. उत्क्रांती म्हणतात ती हीच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली पटेल-३ या भाताच्या शेतातून वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडल्या आणि त्यातून एचएमटी तांदूळ निघाला. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. डोळा होता.

आपल्या खाराचेही तेच झाले. बाहेरकाठा फुटला, खांड गेली की खाडीचे पाणी शेतात. त्या पाण्यात जे रोप मेले त्याचे बी उरले नाही. जे तगले त्याचे बी रहू टाकायला पुढच्या वर्षी वापरले गेले. काळा राता आणि भुरा राता असे घडले. मीठ सोसणे हे एका जनुकाचे काम नाही, पुष्कळांचे आहे. पण त्यातल्या एकाचे काम चांगले कळले आहे. बंगालमधल्या नोना बोकरा या खाऱ्या भातात ते २००५ साली सापडले. मुळातून वर चढणाऱ्या पाण्यातले मीठ ते वाटेतच ओढून मुळाकडे ठेवते, पानापर्यंत फारसे जाऊ देत नाही. आपल्या उघाडीची झडप जशी भरतीचे पाणी अडवते, तशीच ही रोपातली झडप.

पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने शेतकऱ्यांचा राता घेतला आणि भुरा राता ४-१० चा आय. आर. ८ शी संकर केला. आय. आर. ८ हे फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे १९६६ चे भात. त्याचे ठेंगूपण तैवानच्या एका गावठी जातीतले. म्हणजे तैवानच्या शेतकऱ्याने राखलेले ठेंगूपण आणि रायगडच्या शेतकऱ्याने राखलेली खारट सोशीकता यांचे लग्न पनवेलला लागले. त्यातून पनवेल-१ आणि पनवेल-२ निघाल्या. सरकारी संशोधन चांगले होते तेव्हा ते असे होते, आणि ते मोकळेपणाने कबूल करावे.

आता मावशींचा दुसरा प्रश्न. संकरित बी, म्हणजे कर्जतच्या सह्याद्रीसारखे, दोन वेगळ्या आईबापांपासून दरवर्षी नव्याने तयार करतात. पहिल्या पिढीत जोम असतो. त्याचे बी राखून पेरले तर उगवते, पण राताच्या रंगासारखी फाटाफूट होते. कुणी उंच, कुणी बुटके, कुणी आधी पिकलेले. हा मेंडेलचा नियम आहे, कंपनीचा कट नाही. कंपनीने त्या नियमाचा धंदा केला, ते वेगळे. पनवेलच्या जाती संकरातून निघाल्या असल्या तरी आता स्थिर झालेल्या, सरळ वाणाच्या आहेत. भात स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून त्यांचे बी राखता येते. मुद्दाम वांझ केलेले 'टर्मिनेटर' बी कुठल्याच बाजारात कधी विकायला आले नाही. आमच्याच व्यासपीठांवरून त्याची भीती घातली गेली आहे, म्हणून हे सांगणे आमच्यावर लागू आहे.

मग परके जनुक घातलेले बी? आपल्याकडे कापूस नाही, पण विदर्भात जे झाले ते समजून घ्या. मातीतल्या एका जिवाणूचे, अळीला मारक असे जनुक कपाशीत घातले. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. हिरव्या बोंडअळीची फवारणी कमी झाली, शेतकऱ्यांनी ते बी आपणहून उचलले. पण अळीलाही जनुके असतात. कोट्यवधी अळ्यांत एखादीला त्या विषाचे काही वाटत नाही. बाकीच्या मरतात, ती उरते, तिचीच वीण वाढते. खारात राता जसा घडला तशीच ही अळी घडली. २०१० साली गुजरातेतली गुलाबी बोंडअळी बीटीला पुरून उरल्याचे जाहीर झाले. दोन जनुकांचे बी त्याआधीच आले होते, आणि २०१७ साली तेच बी लावलेल्या महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला.

यात मेंडेलही होता. आपल्याकडे बीटी दिले ते संकरित बियाण्यातून. अशा बियाण्यात ते जनुक सहसा एकाच बाजूच्या पालकाकडून आलेले, म्हणून एकाच बोंडात काही सरकी बीटी आणि काही बिगरबीटी. अळीला औषध थोडे थोडे चाखून सवय करायला याहून चांगली शाळा कोणती? शिवाय कडेला बिगरबीटीच्या ओळी लावा असे सांगितले होते. त्या कुणी लावल्या नाहीत, आपणही नाही. तंत्रज्ञान वाईट निघाले, असे आम्ही म्हणणार नाही. सरळ वाणात ते शेतकऱ्याच्या हाती आले असते आणि लवकर निघणारे असते तर अळीला एवढी सवड मिळाली नसती.

आता नवी गोष्ट आहे जनुकाच्या कात्रीची. यात परके जनुक ठेवायचे नाही. भाताच्या स्वतःच्याच मजकुरात नेमक्या जागी कापायचे, दोन-चार अक्षरे गाळायची. पांढऱ्या तांदळाच्या वेळी जे आपोआप झाले ते ठरवून करायचे. मार्च २०२२ मध्ये केंद्राने अशा बियाण्याला जीएमच्या कडक नियमांतून मोकळे केले. ४ मे २०२५ रोजी अशी दोन भाते जाहीर झाली. त्यातले पुसा डीएसटी राईस-१ आपल्या कामाचे असू शकते. एमटीयू १०१० या जातीतले एक जनुक बंद केले आहे. ते चालू असले की दुष्काळ आणि मीठ सोसण्याची ताकद दाबली जाते. किनाऱ्याच्या खाऱ्या जमिनीत सुमारे ३० टक्के उत्पन्न जास्त, असे सरकारने सांगितले. चाचण्यांचे आकडे तसे बोलत नाहीत, असा आक्षेपही घेतला गेला.

भांडणाचा निकाल दिल्लीत लागू नये, खारात लागावा. आमचे म्हणणे एवढेच, की हे भात पनवेलच्या खारात, बाहेरकाठ्याजवळच्या शेतात, पनवेल-३ आणि राताच्या शेजारी तीन हंगाम लावा. माप शेतकऱ्यांसमोर घ्या. चांगले निघाले तर ताबडतोब द्या, बंदी घालून अडवू नका. कात्रीची मूळ पेटंटे परदेशी संस्थांची आहेत. त्यांचा हिशेब सरकारने आधी मिटवावा, तो बियाण्याच्या पिशवीवर चढवू नये. आणि २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, ब्रँड न लावता विकण्याचा जो हक्क दिला आहे तो या बियाण्यालाही लागू आहे, हे लेखी सांगावे.

एक गोष्ट मात्र कात्रीला जमत नाही. मजकूर असेल तरच ती कापू शकते. जे बी संपले त्यातली अक्षरे ती आणणार कुठून? आपल्या तालुक्यात खाराचे काय झाले ते आम्ही काय सांगावे. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचे उद्घाटन झाले, त्या धावपट्टीच्या आसपास कुणाकुणाची शेते होती ते या सभेतली माणसे बोट दाखवून सांगतील. जमिनीचा भाव मिळाला, काहींना मिळालाच नाही, ते भांडण चालूच आहे. पण जमिनीबरोबर कणगीतले बी गेले त्याचा पंचनामा कुणी केला नाही. उरलेल्या खारात उघाड्या मोडल्या, बांधांना खांडी गेल्या, कांदळवन आत शिरले. शेत पडीक पडले की बी दोन-तीन वर्षांत उगवायचे थांबते.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना ज्यांच्या घरी काळा किंवा भुरा राता, किंवा खाराचे कुठलेही जुने भात असेल, त्यांनी अर्धा किलो बी आणावे. उन्हात चांगले वाळवलेले, कापडी पिशवीत. पिशवीत चिठ्ठी टाका: जातीचे नाव, गाव, शेताचे नाव, बाहेरकाठ्यापासून किती लांब, किती दिवसांत पिकते, आणि घरात हे बी कोणी सांभाळले. अर्धे बी खारभूमी केंद्राकडे पोच घेऊन द्यायचे आणि अर्धे ज्यांच्याकडे शेत शिल्लक आहे त्यांच्यात वाटायचे. ओटीवरच्या त्या आजोबांच्या घरी आम्ही गेल्या महिन्यात जाऊन आलो. आजोबा नाहीत. सुनेने माळ्यावरून मडके काढले. तळाशी चार मुठी राता होता, मागच्या सालचा. त्यातल्या दोन मुठी आम्ही मोड आणायला घातल्या आहेत.