बागेची फेरी आणि घरचा पाळणा



सल्लागार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुंबई-पुण्याचा कोणी कोटवाला गृहस्थ उभा राहतो. पण हा व्यवसाय आता आपल्या बांधावर आलेला आहे. जालना तालुक्यातील कडवंचीचेच पाहा. तेथे १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात पाणी अडवण्याचे काम झाले, पुढे शेततळी झाली आणि कोरडवाहू माळावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बागा आल्या, तसा बागांचा सल्लागारही आला. कृषी पदवी घेतलेला एखादा तरुण मोटारसायकलवर गावोगाव फिरतो, पाने उलटून पाहतो, फवारणी लिहून देतो आणि एकरी ठरलेली फी घेतो.

अशा तरुणाच्या घरी पाळणा हलू लागला म्हणजे काय होते, याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

असे पाहा, नोकरदाराला निदान रजा तरी असते. १९६१ सालच्या कायद्याने नोकरदार स्त्रीला १२ आठवड्यांची प्रसूतिरजा दिली. २०१७ साली ती पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यालाही बाळाच्या जन्मानिमित्त १५ दिवसांची रजा मिळते. आमच्या या सल्लागाराला मात्र रजा कोण देणार? तो आपलाच मालक. तेव्हा त्याची रजा त्यानेच मंजूर करायची. आणि गंमत अशी की, स्वतःच्या अर्जावर सही करताना त्याचा हात सगळ्यांत जास्त आखडतो.

आता थोडा हिशेब करू. शिक्षक बंधुभगिनींनी हा वर्गात गणित म्हणून घालायलाही हरकत नाही. समजा, एका सल्लागाराकडे ६४ बागा आहेत. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर प्रत्येक बाग आठ दिवसांतून एकदा पाहिली पाहिजे. म्हणजे रोज आठ बागा. बाग पाहणे आणि रस्ता मिळून एका बागेला सव्वा तास धरला, तर झाले दहा तास, आणि आठवड्यात एकही दिवस मोकळा नाही. रात्री घरी आल्यावर फोन सुरू होतात, ते वेगळेच. आता त्याच माणसाने ४२ बागा घेतल्या तर? रोज सहा बागा, साडेसात तास, आणि आठवा दिवस घरचा. उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने कमी होईल, हे खरे. ही घट लहान नव्हे. कर्जाचा हप्ता असलेल्या घरात ती टोचतेच. म्हणूनच हा निर्णय बाळ येण्याच्या आधी, नवराबायकोने समोरासमोर बसून घ्यायचा असतो. छाटणी झाल्यावर शेतकऱ्याला "येत नाही" म्हणणे हा विश्वासघात होईल.

कोणी म्हणेल, "प्राध्यापक, पोर काय आज नाही तर उद्या मोठं होणारच आहे. बाग मात्र थांबत नाही." खरी गोष्ट आहे. फुलोऱ्यात पाऊस पडला आणि केवडा आला, तर दोन दिवसांच्या उशिराने वर्षाची कमाई जाते. पण हेच शास्त्र घराला लावून पाहा. पिकाची प्रत्येक अवस्था ठरल्या दिवसांत येते आणि निघून जाते, हे सल्लागारापेक्षा अधिक कोणाला ठाऊक? बाळाचेही तसेच आहे. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याची लस त्या त्या वेळी टोचून घ्यावी लागते. पहिले सहा महिने नुसते आईचे दूध. म्हणजे रात्रीच्या जागरणाचा मोठा भार आईवरच. तेव्हा बापाने बाळाला खांद्यावर घेऊन तासभर अंगणात फिरवले, तर आईला तेवढीच झोप मिळते. ही मदत पुढे तीन वर्षांनी करून चालत नाही.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. चाल चांगली आहे, लेकीला विसावा मिळतो. पण त्यामुळे बाप बारशाला पाहुण्यासारखा येतो आणि पाहुण्यासारखा जातो. बाळबाळंतीण घरी येतात तेव्हा त्याला लंगोट बदलता येत नाही, आणि शिकायला वेळही नसतो. तेव्हा आठवड्यातला तो मोकळा दिवस सासुरवाडीला घालवावा. त्यात कमीपणा कसला?

आता राहिला छंद. समजा, आपला हा सल्लागार गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. संसार आणि व्यवसायाच्या ओढाताणीत पहिला बळी जातो तो पखवाजाचा. आपला जिल्हा समर्थांच्या जांबचा. समर्थ बोहल्यावरून निघून गेले, अशी परंपरा आहे. पण शेजारीच पैठणला नाथांनी दुसरी वाट दाखवली. घरात मुलेबाळे, दारात अतिथी, आणि त्या सगळ्यात राहून १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. म्हणजे संसारात राहून आवडीचे काम होते. पण त्या घरचा राबता गिरिजाबाईंनी मनापासून सांभाळला, हेही आपण विसरू नये.

मुद्दा इथेच आहे. नवऱ्याचा पखवाज टिकला, तर कोणाच्या जिवावर टिकला? त्याच्या बायकोलाही वाचनाची, गाण्याची आवड असेल. एखादी परीक्षा द्यायची असेल. तो गुरुवारी भजनाला गेला, तर रविवारी दोन तास बाळ त्याच्याकडे आणि ती मोकळी, असा सरळ व्यवहार असावा. दोघांच्या आवडी थोड्या थोड्या जगल्या, तर घर आनंदी राहते. एकाची पूर्ण जगली आणि दुसऱ्याची पूर्ण मेली, तर त्याला समतोल म्हणत नाहीत.

काही साधे उपाय सांगतो. फोनची वेळ ठरवावी, संध्याकाळी सात ते आठ. पाऊस पडला तर ती मोडावी, एरवी मोडू नये. हाताशी एक नवा पदवीधर घ्यावा आणि एकाआड एक फेरी त्याला द्यावी. त्याला त्याचा वाटा मिळेल, आणि बाळाला ताप आला त्या दिवशी बागही वाऱ्यावर पडणार नाही. तिसरे, शेतकऱ्यांना मोकळेपणाने सांगावे, की "घरी लहान बाळ आहे, यंदा एवढ्याच बागा घेतोय." आपला शेतकरी माणूस लेकुरवाळा आहे, त्याला हे समजते.

आणि शेतकरी श्रोत्यांनाही एक विनंती. रात्री दहाला सल्लागाराला फोन लावण्यापूर्वी एवढाच विचार करा, की हे सकाळी विचारून चालेल का? चालण्यासारखे असेल, तर त्या घरातल्या बाळाला झोपू द्या.