गंजावर जगणारे जिवाणू



काही हापशांचे पाणी कळशीत भरताना अगदी निवळ दिसते. पण घटकाभर ठेवून पाहावे, तो तळाशी तांबूस गाळ बसलेला. भाताच्या खाचरात पाणी साचले, की वरची माती तांबूस राहते, पण दोन बोटे खाली करडा, निळसर चिखल लागतो. ह्या दोन्ही गोष्टींमागे पुष्कळदा एकच कारागीर असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. आज त्याची ओळख करून घेऊ या.

प्रथम श्वासाची गोष्ट पाहू. आपण भाकरी खातो, तिच्यातून शक्ती काढून घेतो. हे काम होताना इलेक्ट्रॉन नावाचे विजेचे अतिसूक्ष्म कण सुटतात. ते कोणाच्या तरी पदरात टाकावेच लागतात. आपण ते हवेतल्या प्राणवायूला देतो. म्हणून तर श्वास घ्यावा लागतो. आता तुम्ही म्हणाल, चिखलाच्या पोटात प्राणवायू कुठला? खरं आहे. तिथे राहणारे काही जिवाणू हे कण मातीतल्या गंजाला देतात. तांबड्या मातीचा रंग म्हणजे मुख्यतः लोखंडाचा गंजच. इलेक्ट्रॉन मिळाले, की त्या गंजाचे रूप पालटते, रंग जातो आणि त्यातले बरेच लोह पाण्यात विरघळते. तेच पाणी हापशाने वर आले, हवा लागली, की लोह पुन्हा गंजते आणि कळशीच्या तळाशी बसते.

ह्या जिवाणूंच्या एका प्रसिद्ध प्रजातीचे नाव जिओबॅक्टर. प्रजाती म्हणजे एक भावकी समजा. तिच्यातला पहिला जिवाणू 1987 साली अमेरिकेत वॉशिंग्टन शहराच्या खालच्या अंगाला, पोटोमॅक नदीच्या गाळात डेरेक लव्हली ह्या शास्त्रज्ञाला सापडला. दुसरा प्रसिद्ध भाऊ ओक्लाहोमा राज्यातल्या एका चराच्या चिखलातून मिळाला. कोणी गंधकावर भागवून घेतो, कोणी मँगनीजवर. कोणी तेलातले विषारी पदार्थही पचवतो. भावकी वाढली की वाटण्या होतात, तसे इथेही झाले. अलीकडच्या वर्षांत शास्त्रज्ञांनी काही भावांना वेगळ्या प्रजातींत घातले आहे. जपानमधल्या भातशेतीच्या मातीतून मिळालेल्या काही जिवाणूंची तर 2019 साली निराळी प्रजातीच मांडली गेली.

गंज हा घन पदार्थ. तो जिवाणूच्या पोटात शिरत नाही. मग इलेक्ट्रॉन बाहेर पोहोचवायचे कसे? त्यासाठी हे जिवाणू अंगातून केसाहून कितीतरी बारीक अशा तारा काढतात आणि त्यांतून वीज वाहते! अशा तारांचा शोध 2005 साली जाहीर झाला. त्यांतल्या काही तारा लोहयुक्त प्रथिनांच्या मण्यांची जणू माळ असतात, हे 2019 मध्ये दिसून आले.

आता मुद्द्याची गोष्ट. हा जिवाणू आपला मित्र की वैरी?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात रायफल नावाचे गाव आहे. तिथे युरेनियमच्या जुन्या कारखान्यामुळे भूजल दूषित झाले होते. युरेनियमची तऱ्हा लोखंडाच्या उलट. त्याला इलेक्ट्रॉन मिळाले, की ते विरघळत नाही, उलट घट्ट होऊन मातीत बसते. 2002 साली तिथे जमिनीत अॅसिटेट, म्हणजे व्हिनेगरच्या आंबट अंशाचेच एक रूप, जिवाणूंना खाद्य म्हणून सोडले. जिओबॅक्टर झपाट्याने वाढले आणि थोड्याच दिवसांत पाण्यातले युरेनियम उतरू लागले. पण पुढे त्या जागी दुसऱ्याच जातीचे जिवाणू माजले आणि युरेनियम पुन्हा चढले. पेरणी केली म्हणजे पीक हाती आले असे होत नाही. राखण करावीच लागते.

आता आपल्या देशात या. पश्चिम बंगालमध्ये तळ्याच्या पाण्याने हगवण-पटकी होते म्हणून कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू चांगला होता. पण 1983 च्या सुमारास माणसांच्या कातडीवर डाग, हातापायांना घट्टे दिसू लागले. पाण्यात आर्सेनिक, म्हणजे सोमल होते! हिमालयातून वाहत आलेल्या गाळात ते गंजाला चिकटून निवांत पडलेले असते. जिवाणूंनी गंज विरघळवला, की ते पाण्यात सुटते. तिथला गाळ बाटल्यांत घेऊन, जिवाणूंना खाद्य देऊन केलेला प्रयोग 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात आधी लोहाचे रूप पालटले आणि मागोमाग आर्सेनिक पाण्यात उतरले.

म्हणजे पाहा, कृती एकच. एका जागी तिने पाण्यातले विष उतरवले, दुसऱ्या जागी पाण्यात विष सोडले. जिवाणूला पुण्यही ठाऊक नाही आणि पापही नाही. मातीत काय दडले आहे आणि तिच्यात खाद्य किती आहे, ह्यावर सारे ठरते.

म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तांबडा गाळ बसला म्हणजे पाणी विषारी, असे मुळीच नाही. पण निवळ पाणी निर्धोक असतेच, असेही नाही. आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चव नाही. आणि पाणी उकळून ते जात नाही. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे एका लिटरमध्ये ते 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. हे तपासणीनेच कळते. नवी कूपनलिका खणली, की पाण्याची तपासणी करून घ्या. गावाने मिळून आग्रह धरा.

शिक्षक मित्रांनो, शाळेत एक सोपा प्रयोग करता येईल. काचेच्या बरणीत तांबडी माती आणि बारीक चिरलेला थोडा पेंढा कालवा, वर चार बोटे पाणी ठेवा. झाकण सैलच असू द्या. आत वायू तयार होतो. काही आठवड्यांत खालचा चिखल करडा-काळा होईल. ह्या कामात इतर जिवाणूंचाही हात असतो, हे मुलांना सांगा. मग थोडा चिखल ताटलीत पसरून उघड्या हवेत ठेवा. तो पुन्हा तांबूस होऊ लागेल. नंतर साबणाने हात धुवायला मात्र विसरू नका.

आपल्या पायाखाली असा व्यवहार अहोरात्र चालू आहे. तो थांबवणे आपल्या हाती नाही. आपले पाणी तपासून पिणे मात्र आहे.