एकोणचाळीस अंकांची मूळ संख्या

१६४४ साली पॅरिसमधील एक ख्रिस्ती मठवासी, मारँ मेर्सेन यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत अकरा घातांकांची यादी दिली. दोनचा तितकावा घात घेऊन त्यातून एक वजा केला, की मूळ संख्या मिळते, असे त्यांचे प्रतिपादन होते. यादीतील ६७ आणि २५७ हे घातांक पुढे चुकीचे ठरले; ६१, ८९ आणि १०७ तर त्यांच्या नजरेतून निसटलेच होते. १२७ मात्र खरा निघाला. ती संख्या अशी :

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

हिला एक आणि स्वतः यांखेरीज विभाजक नाही, हे ठरवायचे कसे? शाळेतली रीत म्हणजे वर्गमुळापर्यंतच्या संख्यांनी भागून पाहणे. दर सेकंदाला एक भागाकार केला, तरी सुमारे ४० हजार कोटी वर्षे लागतील! एवढे आयुष्य विश्वालाही अद्याप लाभलेले नाही.

फ्रान्समधील अध्यापक एद्वार ल्युका यांनी १८७६ साली हा प्रश्न भागाकाराच्या वाटेला न जाता सोडविला. त्यांच्या रीतीला आजचे सुटसुटीत रूप अमेरिकन गणितज्ञ लेमर यांनी १९३० च्या सुमारास दिले. चारपासून आरंभ करावा. वर्ग करून दोन वजा करावेत. तपासावयाच्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवावी आणि पुन्हा तेच करावे. दोनचा पाचवा घात वजा एक, म्हणजे ३१ घेऊ. चारवरून १४ येतात. चौदावरून १९४, बाकी ८. आठवरून ६२, बाकी शून्य. घातांकाहून दोन कमी, म्हणजे तीनच पायऱ्यांत शून्य आले, म्हणून ३१ मूळ. १२७ साठी अशा १२५ पायऱ्या पुरतात. विभाजक एकही सापडत नाही, शोधावाही लागत नाही. तरी निर्णय निःसंशय असतो.

हे गणित हातांनी करण्यासाठी ल्युका यांनी १२७ गुणिले १२७ घरांचा, बुद्धिबळासारखा पट सुचविला होता. आकडे द्विमान पद्धतीत मांडल्यामुळे भागाकार जवळजवळ नाहीसाच होतो : डाव्या कडेबाहेर गेलेली सोंगटी उजवीकडून पुन्हा आत घ्यायची, इतकेच. हीच या जातीच्या संख्यांची खरी खुबी, आणि म्हणूनच विक्रमी मूळ संख्यांत त्यांचा भरणा असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली, ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकांची संख्या याच कुळातील असून तिची खातरजमा ल्युका-लेमर कसोटीनेच झाली.

कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ साली कोणत्याही संख्येला लागू पडणारी, निश्चित निर्णय देणारी आणि सैद्धांतिकदृष्ट्या जलद अशी कसोटी दिली. हा अभिमानाचा विषय खराच. पण मेर्सेनच्या संख्यांपुरती जुनी रीतच अधिक वेगवान आहे, हेही सांगितले पाहिजे.

ल्युका यांची संख्या ७५ वर्षे, १९५१ पर्यंत, ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी होती. तिची वंशावळही मोठी मौजेची आहे. दोनच्या दुसऱ्या घातातून एक वजा केला की ३, दोनच्या तिसऱ्यातून ७, सातव्यातून १२७, आणि १२७ व्यातून ही. सगळ्या मूळ! बेल्जियममधील गणितज्ञ एजेन कातालान यांनी १८७६ सालीच या साखळीकडे लक्ष वेधले होते. तिची पुढची कडी म्हणजे दोनचा ‘ही संख्या’वा घात वजा एक. ती इतकी प्रचंड आहे, की तिचे अंक लिहून काढणेही अशक्य. ती मूळ आहे की नाही, हे आजही कोणाला ठाऊक नाही.