पू बाहेर यायलाच हवा



यकृतात पू साठलाय, ताप हटत नाही, रक्तदाब घसरलाय.
असा रुग्ण अतिदक्षता विभागात असतो.
मोठी शस्त्रक्रिया त्याला झेपेलच असं नाही.

पण पू बाहेर यायलाच हवा.
मोठ्या गळवाच्या आत औषध पुरेसं पोचत नाही.

मग डॉक्टर सोनोग्राफीत बघत,
तेवढीच जागा बधिर करून,
बारीक नळी आत सरकवतात.
अगदी रुग्णाच्या खाटेपाशीसुद्धा.
नळीचं टोक आत गोल वळतं, म्हणून ती सहसा निसटत नाही.
थोडा पू तपासणीला जातो. नेमकं प्रतिजैविक त्यावरून ठरतं.

नातेवाईकांनो, नळी पाहून घाबरू नका.
कूस बदलताना ती ओढली जाणार नाही, एवढं सांभाळा.

ताप उतरला, तरी घाई नको.
पू पूर्ण बाहेर यायलाच हवा.
नळी कधी काढायची, ते डॉक्टर रोजचा निचरा मोजून ठरवतात.