व्यापारी पाहुणे येतील, पण राबणार कोण?

(उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील महिला गटांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



'व्यवसाय-पर्यटन' हे विषयाचं नाव ऐकून काहीजणी हसल्या. साहजिक आहे. आपल्या भागात पर्यटन म्हटलं की आठवतं अंबरनाथचं शिवमंदिर, महाशिवरात्रीची जत्रा, फार तर पावसाळ्यात बदलापूरजवळचं कोंडेश्वर. पण जो माणूस देवदर्शनाला किंवा हवा खायला येत नाही, कामासाठी येतो, एक-दोन रात्री राहतो, जेवतो, रिक्षा करतो, माल बघतो आणि परत जातो, तोही पर्यटकच. अशा पाहुण्यांच्या जोरावर शहराचं उत्पन्न वाढवायचं, याला व्यवसाय-पर्यटन म्हणतात. त्यासाठी कुठे प्रदर्शनाची सभागृहं बांधतात, कुठे हॉटेलांना सवलती देतात, कुठे बाजारातले रस्ते चकचकीत करतात.

आपल्याकडे असा पाहुणा फार पूर्वीपासून येतो आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत ठेवलं गेलं आणि १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. या लोकांनी शून्यातून बाजार उभा केला. जपानी बाजार, गजानन मार्केट, फर्निचरचा बाजार, जीन्सचे कारखाने. लांबलांबचे दुकानदार इथे घाऊक खरेदीला येतात. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत यंत्र बसवणारे, माल तपासणारे, ऑर्डर द्यायला येणारे लोक येतात. पाहुणा नवा नाही. त्याच्या येण्याचा हिशेब मात्र आपण कधी मांडलेला नाही. तो आज मांडू.

पहिला प्रश्न, शहराला काय मिळतं? पूर्वी उल्हासनगरात माल आला की महापालिकेला जकात मिळे. जकात गेली, एलबीटी आला, तोही गेला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. लॉजच्या खोलीवरचा आणि विकलेल्या जीन्सवरचा हा कर केंद्राकडे आणि राज्याकडे जातो. महापालिकेला राज्याकडून भरपाई मिळते. शहराच्या तिजोरीत थेट येतो तो मालमत्ता कर, परवान्याची फी आणि पालिकेच्या गाळ्यांचं भाडं. म्हणजे 'पाहुणे वाढले की शहर श्रीमंत होईल' हे वाक्य वाटतं तितकं सरळ नाही. कचरा, सांडपाणी, रस्ते यांचा खर्च मात्र शहराच्याच माथी असतो. जीन्स धुण्याच्या कारखान्यांचं रंगीत पाणी वालधुनीत गेलं, नदी नासली. न्यायालयीन आदेशांनंतर असे कितीतरी कारखाने बंद झाले. तेव्हा नफा आधीच खिशात गेलेला होता. रोजगार बुडाला तो तिथे राबणाऱ्यांचा.

दुसरा प्रश्न आपला आहे. या पाहुण्यासाठी राबतं कोण?

तो जी जीन्स पसंत करतो, तिचे धागे कापणारी बाई बाजारात दिसत नाही. ती खोलीत बसलेली असते. गाठोडं घरी येतं, मजुरी नगावर ठरते, वीज तिची, जागा तिची, मदतीला शाळेतून आलेली मुलगी. नगात खोट निघाली तर पैसे कापले जातात. तिचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही. अशा घरबसल्या काम करणाऱ्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला. तो व्हावा म्हणून आपल्या देशातल्या 'सेवा' संघटनेने नेट लावला होता. भारत सरकारने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

दुसरी बाई लॉजमध्ये चादरी बदलते, संडास धुते. ती बहुधा कंत्राटदाराची. तिसरी खानावळीत पोळ्या लाटते. चौथी बाजाराच्या तोंडाशी पाटी घेऊन बसते, आणि रस्ता 'सुंदर' करायचा ठरला की पहिली गाडी तिच्यावर येते.

यातली लॉजमधली बाई सगळ्यात एकटी. बंद खोली, अनोळखी गिऱ्हाईक, आणि मालकाला गिऱ्हाईक दुखवायचं नसतं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला. तक्रार नोंदवायला किती उशीर लावला गेला, ते आपण पाहिलं. २० ऑगस्टला हजारो माणसं रेल्वेच्या रुळांवर उतरली तेव्हा सरकार हललं. शाळेतल्या मुलींच्या आईबापांची ही गत, तर लॉजमधल्या कंत्राटी बाईचं कोण ऐकणार?

कायदा आहे. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या माणसांपासूनही संरक्षण देणं हे मालकाचं कर्तव्य आहे. म्हणजे गिऱ्हाईकही त्यात आलं. दहापेक्षा कमी कामगार असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. ही समिती कुठे बसते, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे? लॉजमधल्या बाईला कोण सांगणार?

अमेरिकेत शिकागो हे प्रदर्शनं आणि परिषदांवर मोठी कमाई करणारं शहर. तिथल्या हॉटेल कामगार संघटनेने २०१६ साली स्वतःच्या सभासद बायांना विचारलं. हॉटेलातल्या ५८ टक्के बायांनी पाहुण्याकडून छळ झाल्याचं सांगितलं. संघटनेने ते आकडे शहरापुढे ठेवले आणि २०१७ साली शहराने नियम केला, की खोलीत एकटीने काम करणाऱ्या प्रत्येक बाईला मदतीची घंटा द्यायची. आधी बायांनी माहिती गोळा केली, मग नियम झाला. हा क्रम लक्षात ठेवा.

उलट क्रमही आपण भोगला आहे. २००५ साली राज्य सरकारने डान्स बारवर बंदी आणली, तेव्हा तिथे काम करणाऱ्या बायांना कुणी विचारलं नाही. एसएनडीटीचं स्त्री-अभ्यास केंद्र आणि 'फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन' यांनी त्या बायांशी बोलून अहवाल काढला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घटनाबाह्य ठरवली. तोवर आठ वर्षं गेली होती. शहर 'सभ्य' करायचं म्हणून बायांना हुसकायचं, हे आपल्याला मान्य नाही.

मग पर्यटनाला विरोध करायचा का? माझं म्हणणं, नाही. पाहुणा येणारच, आणि आपल्याला कामही हवं आहे. २०२३ साली सरकारने 'आई' नावाचं महिलांसाठीचं पर्यटन धोरण आणलं. बाईच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाची भरपाई मिळते. पण कर्ज बँक देणार, आणि बँक कागद मागणार. उल्हासनगरात बांधकामांच्या कागदांचा घोळ एवढा, की २००६ साली वेगळा कायदा करावा लागला. त्यातून घर बाईच्या नावावर किती ठिकाणी आहे? पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या गटाने तारण काय ठेवायचं?

म्हणून कुठलीही योजना पालिकेपुढे आली, की मंजुरीच्या आधी आपण हे मागायचं:

एक, बाजारात, स्थानकाबाहेर आणि औद्योगिक वसाहतींत बायांसाठी स्वच्छ, फुकट संडास, दुकानं बंद होईपर्यंत उघडे.

दोन, लॉजचा परवाना देताना समितीचा पत्ता आणि फोन भिंतीवर, आणि खोल्या साफ करणाऱ्या बाईला मदतीची घंटा.

तीन, २०१४ च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे शहर फेरीवाला समिती. तिच्यात फेरीवाल्यांचे प्रतिनिधी किमान चाळीस टक्के आणि त्यांत एक-तृतीयांश बाया असायला हव्यात. समितीने जागा ठरवून दिल्याशिवाय कुणाला उठवायचं नाही.

चार, प्रदर्शनांच्या, सभांच्या जेवणाचं काम बचत गटांना, आगाऊ रकमेसह.

पाच, घरी काम करणाऱ्या बायांची वॉर्डवार नोंद आणि नगाचा किमान दर.

ही पाचवी मागणी सगळ्यात अवघड आहे. शेठ म्हणेल, दर वाढवला तर काम दुसऱ्या गावाला जाईल. या धमकीला एकट्या उल्हासनगरच्या बाया पुरे पडणार नाहीत. गाठोडं अंबरनाथला गेलं, बदलापूरला गेलं, तरी दर तोच मिळाला पाहिजे. म्हणून तर आज तिन्ही गावांच्या बाया एकत्र बसल्या आहेत.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या गल्लीतल्या दहा बायांकडून लिहून आणायचं: काय काम, नगाला किती पैसे, दिवसाला किती नग, पैसे कधी मिळतात. पालिकेकडे जाऊ ते हे कागद हातात घेऊनच.