धांवता कर्सर आणि मराठी अक्षरें

लॅटिन भाषेंत ‘कर्सर’ म्हणजे धांवणारा. संगणकाच्या काळ्या पडद्यावर लुकलुकणारी जी बारीक खूण, तिलाही हेंच नांव आहे. पुढचें अक्षर जेथें उमटावयाचें, तेथें ती उभी असते.

समजा, नाशिकच्या एका विद्यार्थ्यानें सी भाषेंत जिल्ह्यांतील तालुक्यांची यादी छापणारा प्रोग्रॅम लिहिला. डावीकडे नांव, उजवीकडे पावसाचा आंकडा. नांवें इंग्रजींत असतात तोंवर रकाने सरळ येतात; तींच मराठींत घातलीं कीं उजवा रकाना वांकडा होतो. हा दोष देवनागरीचा काय?

मुळींच नव्हे. ‘नाशिक’ आणि ‘सिन्नर’ हीं दोन्ही नांवें तीन तीन अक्षरांचीं. परंतु यूटीएफ-८ पद्धतींत काना, वेलांटी व हलन्त हीं स्वतंत्र चिन्हें मानलीं जातात आणि प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. त्यामुळें ‘नाशिक’ १५ बाइटांचें, तर ‘सिन्नर’ १८ बाइटांचें होतें. सी भाषेंतील ‘प्रिंटएफ’ रुंदी मोजतें ती बाइटांनीं, डोळ्यांनीं नव्हे. रुंदी २० सांगितली, तर पहिल्या नांवामागें ५ मोकळ्या जागा पडतात, दुसऱ्यामागें अवघ्या २.

यावर उपाय सोपा आहे. टंकलेखनयंत्रावर काम करणारा कारकून मोकळ्या जागा मोजीत बसत नसे. ठरल्या जागीं खटका लावी, आणि गाडा नेमका तेथें थांबे. तसाच हुकूम कर्सरला देतां येतो. नांव छापल्यावर २७ क्रमांकाचें ‘एस्केप’ चिन्ह, उघडता चौकोनी कंस, ३० हा आंकडा आणि मोठें ‘जी’ इतकें छापावें; कर्सर त्याच ओळीच्या ३० व्या घरांत जाऊन उभा राहतो. ओळही सांगावयाची असल्यास कंसापुढें ओळ, अर्धविराम, रकाना आणि मोठें ‘एच’ द्यावें. १९७८ सालच्या व्हीटी-१०० यंत्रानें ही दुसरी रीत सर्वतोमुखी केली.

टर्बो सी मधील ‘गोटूएक्सवाय’ मात्र आधीं रकाना मागतें, मग ओळ. शिवाय १९८९ च्या सी प्रमाणांत त्यास स्थान नाहीं. म्हणून जुन्या पुस्तकावरून तें पाठ करणाऱ्याची लिनक्सवर फसगत होते.

रकाना वांकडा आला, म्हणून आपल्या गांवाचें नांव परक्या लिपींत लिहिण्याचें कारण नाहीं. कर्सरला जागा नेमून द्यावी. मराठी आपोआप रांगेंत उभी राहते.