सभागृहाचा शब्द आणि कचेरीचें दप्तर

(गोंदिया येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



 आजचा विषय ऐकून कोणी म्हणेल, "साहेबांना काय शिकवावें हें आम्हां नांगरवाल्यांना कशाला सांगतां?" त्यावर आमचें उत्तर असें कीं, साहेब जें शिकत नाहीं त्याचा दंड साहेब भरीत नाहीं, तुम्ही भरतां.

पुण्यास यशदा आहे, नागपुरास वनामती आहे. लोकसेवा आयोगाची परीक्षा उतरून आलेले तरुण तेथें कारभार शिकतात. खुद्द विधिमंडळाचें वि. स. पागे यांच्या नांवाचें संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे. शाळांची वाण नाहीं. जमिनीचे कायदे, हिशेब, दप्तर हें सारें त्यांना आलेंच पाहिजे. पण आपल्या सहीमागें कोणाचा अधिकार उभा आहे, हें ज्याला कळलें नाहीं त्याला आम्ही शिकलेला म्हणणार नाहीं.

घटनेच्या 164 व्या अनुच्छेदांत लिहिलें आहे कीं, मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार राहील. विधानसभेंत 288 सभासद आहेत. त्यांत आपल्या जिल्ह्याचे चार. अर्जुनी-मोरगांव, तिरोडा, गोंदिया व आमगांव या मतदारसंघांचे. 2003 सालच्या 91 व्या घटनादुरुस्तीमुळें मंत्री शेंकडा 15 हून, म्हणजे आपल्या राज्यांत 43 हून, अधिक होऊं शकत नाहींत. बाकीच्या सभासदांचें काम सरकारला जाब विचारण्याचें. सरकार पक्षाचा सभासद असला तरी तो मंत्री नव्हे, ही गोष्ट पुष्कळ सभासदही विसरतात, मग अधिकारी विसरले तर नवल काय?

आतां धानाचाच दाखला घ्या. 2022 च्या डिसेंबरांत नागपूरच्या अधिवेशनांत मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनीं धान उत्पादकांस हेक्टरीं 15,000 रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेंत, जाहीर केले. पुढील वर्षीं तो आंकडा 20,000 झाला. त्यापूर्वीं बोनस क्विंटलमागें मिळत असे. सभागृहांत शब्द निघाला, आणि गांवोगांव लोक दुसऱ्याच दिवशीं बँकेंत विचारूं लागले तर त्यांचा दोष नाहीं. परंतु मंत्री बोलल्यानें तिजोरी उघडत नाहीं. घटनेचा 266 वा अनुच्छेद सांगतो कीं, राज्याच्या एकत्रित निधींतून कायद्यावांचून पैसा काढतां येणार नाहीं. अंदाजपत्रकांतली तरतूद अपुरी असेल तर पुरवणी मागणी सभागृहापुढें येते, ती मंजूर होते, विनियोजनाचा कायदा होतो, शासन निर्णय निघतो. मग पणन महासंघाच्या आणि देवरीकडे आदिवासी विकास महामंडळाच्या कचेऱ्यांत याद्या तपासल्या जातात. सातबारा, पीक पाहणी, बँकेचें खातें हें सारें जुळावें लागतें.

या वाटेवर दोन तऱ्हेचे अधिकारी भेटतात. एक नुसत्या तोंडी घोषणेवर हात हलवायला तयार होतो; तो उद्यां लोकलेखा समितीपुढें सांपडेल. दुसरा शासन निर्णय टेबलावर येऊन पडला तरी "वरून कांहीं आलें नाहीं" असें म्हणत महिने काढतो. आमच्या मतें दुसरा अधिक घातकी, कारण त्याचें पाप कोठल्याही वहींत चढत नाहीं. तो शेतकरी मात्र रोवणीसाठीं सावकाराच्या दारीं जातो, आणि बोनस हातीं येतो तेव्हां त्याचें व्याजच होऊन जातें.

सभागृहांत विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर मंत्री वाचतो, पण तें घडतें खालीं. मंत्रालयांतून जिल्हाधिकाऱ्याकडे, तेथून तहसीलदाराकडे, तेथून तलाठ्याकडे कागद येतो. (तलाठ्याला आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, नांव लांबलें, सज्जा तोच.) खालून "हें खरें नाहीं" एवढें लिहून गेलें कीं मंत्री भर सभागृहांत तेंच वाचणार. म्हणून प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला पहिल्या महिन्यांतच असें एक उत्तर लिहावयास लावावें, आणि तें लिहिण्यापूर्वीं त्या गांवाला पायीं पाठवावें. मंत्र्यानें दिलेलें आश्वासन नोंदून त्याचा पाठपुरावा करणारी आश्वासन समिति आहे, जिल्हा परिषदेच्या हिशेबावर जाब विचारणारी पंचायत राज समिति आहे. ती जिल्ह्यांत येते तेव्हां कचेऱ्यांना रंग लागतो, फायली पुसल्या जातात. रंगापेक्षां उत्तरें तयार ठेवलीं तर बरें होईल.

ठराव आणि अंमल यांतलें अंतर आपल्या लोकांनीं फार जुनें पाहिलें आहे. 4 ऑगस्ट 1923 रोजीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत सीताराम केशव बोले यांनीं ठराव मंजूर करून घेतला कीं, सार्वजनिक पैशाचे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. सरकारनें हुकूम काढला. महाडच्या नगरपालिकेनें 1924 सालीं तसा ठरावही केला. पाणी मात्र कोणी भरूं दिलें नाहीं. 1926 सालीं बोल्यांना पुन्हां उभें राहून, न ऐकणाऱ्या संस्थांचें अनुदान बंद करा, असें म्हणावें लागलें. शेवटीं 20 मार्च 1927 रोजीं डॉ. आंबेडकर हजारों लोकांसह चवदार तळ्यावर गेले, तेव्हां त्या ठरावाला पाणी लागलें. त्या काळचा कौन्सिलचा ठराव ही नुसती शिफारस होती. अंमलदारानें मनावर घेतलें तर घेतलें.

याच्या उलट पाग्यांचें काम पाहा. विधानपरिषदेचे सभापति असतां त्यांनीं रोजगार हमीचा विचार मांडला. 1965 सालीं सांगली जिल्ह्यांत तो करून पाहिला, 1972 च्या दुष्काळांत योजना राज्यभर गेली. 1977 सालीं विधिमंडळानें तिचा कायदा केला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. कायदा झाल्यावर काम मागणाऱ्याला 15 दिवसांत काम किंवा भत्ता देणें हें साहेबाच्या मर्जीवर राहिलें नाहीं. हा एक धडा नीट शिकविला तरी अर्धें प्रशिक्षण झालें.

आणखी एक गोष्ट, ती आपल्याच माणसांना झोंबेल. एखाद्या सभासदानें तहसीलदाराला फोनवर दटावलें, तर तो विधिमंडळाचा हुकूम नव्हे. एकटा सभासद म्हणजे सभागृह नव्हे. अशा वेळीं जो अधिकारी "साहेब, लेखी द्या" म्हणतो, त्याला आपण उद्धट म्हणूं नये. उद्यां तोच फोन तुमच्या बांधीवरून रस्ता काढण्यासाठीं येईल.

तेव्हां यंदा सभासदाकडे जातांना "साहेब, बोनसचें बघा" एवढ्यावर थांबूं नका. खरेदी केंद्राचें नांव, पावतीची तारीख, नोंदणीचा दिवस, किती जणांचे पैसे अडले तो आंकडा, हें एका कागदावर लिहून द्या आणि यावर प्रश्न विचारा म्हणून सांगा. उत्तर छापून आलें कीं तें ग्रामसभेंत मोठ्यानें वाचा, आणि ग्राम महसूल अधिकाऱ्यालाही तेथें बसवा.